कामाचा नकाशा : परळच्या एका आठवीतल्या इतिहास प्रकल्पाच्या नोंदी

मुंबईतल्या परळ-लालबाग ह्या जुन्या कापडगिरण्यांच्या पट्ट्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी आठवीला इतिहास शिकवते. स्टाफरूमच्या वहीत ठेवलेल्या नोंदी थोड्या साफ करून इथे टाकते आहे. पुढच्या वर्षी कुणाला असा प्रकल्प घ्यायचा असेल तर निदान माझे गेलेले पैसे आणि तास तरी त्यांचे जाऊ नयेत. मुलांची नावं आणि ओळख पटेल अशा खुणा काढल्या आहेत.

१८ जून

आठवीच्या पुस्तकात पहिलाच पाठ 'इतिहासाची साधने'. भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य. दरवर्षी ह्या पाठावर 'माझे कुटुंब, माझा इतिहास' असा प्रकल्प देतो. मुलं स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रं आणतात, आई रात्री जागून ती चिकटवते, आपण सही करतो, आणि मार्चमध्ये चार्ट रद्दीत जातात. मौखिक साधन म्हणजे काय हे विचारलं तर पाठ केलेलं उत्तर येतं, 'ओव्या, पोवाडे'. घरात बसलेली आजी मौखिक साधन आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

ह्या वर्षी वर्ग असा आहे: गिरणी कामगारांची नातवंडं-पणतवंडं निम्मीसुद्धा नाहीत. इंग्रजांच्या काळात बांधलेल्या बीआयटी आणि बीडीडी चाळींतली मुलं आहेत. मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्यांची आहेत, आझमगढ-जौनपूरकडच्या टॅक्सीवाल्यांची, सोसायट्यांवर वॉचमन असलेल्या नेपाळी कुटुंबांची, रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांतली दोन, आणि वरळीहून येणारी एक तेलुगू पद्मशाली (विणकर समाजातली) मुलगी. एका मुलीला ऐकू कमी येतं, मशीन लावते.

ठरवलं ते एवढंच: मुलांनी माणसांना भेटून माहिती आणायची आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर एकच मोठा नकाशा करायचा. दिवाळीच्या सुट्टीआधी संपवायचं.

२५ जून

प्रश्नावली एका जुन्या प्रशिक्षणाच्या फाइलमधून उचलली. आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, घराण्याचा व्यवसाय, घरातली सर्वांत जुनी वस्तू, शेवटी वंशावळीचा तक्ता. तासाला वाटली.

दहा मिनिटांत वर्ग आपोआप वेगवेगळा बसल्यासारखा झाला. एका मुलीने कुलदैवताची जागा कोरी ठेवली. शेजारणीने वाकून पाहिलं, "तुमचं कुलदैवत नाय?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "त्यांचं नसतं गं." आवाजात काही वाकडं नव्हतं, पण त्या 'त्यांचं'मध्ये सगळं आलं. एक मुलगा आडनाव लावत नाही, वडिलांच्या नावावर थांबतो. त्याला दोघांनी विचारून घेतलं, "पण खरं काय?" बांधकामावरच्या मुलाने जुन्या वस्तूसमोर 'काय नाय' लिहिलं. दर साइटला बिऱ्हाड हलतं, जुनं राहणार कुठून? आणि जिचे वडील सोडून गेलेत तिने वंशावळीचा कागद घडी करून दप्तरात सरकवला आणि पाणी प्यायला गेली ती तास संपेपर्यंत आली नाही.

आपल्याकडे आडनाव, गाव आणि कुलदैवत ही तीन विचारली की चौथं विचारावं लागत नाही. कागद गोळा करून घरी आणले आणि फाडले. झेरॉक्सचे पैसे गेले.

२७ जून

नवी प्रश्नावली, अर्धं पान. तुमच्या ओळखीच्या एका मोठ्या माणसाने मुंबईत पहिलं काम कुठे केलं? त्या कामात हातात काय असायचं? ते काम कुणी शिकवलं? कामावरचा दिवस कसा सुरू व्हायचा आणि कसा संपायचा? वर नावाऐवजी फक्त हजेरी क्रमांक.

'ओळखीच्या' हे मुद्दाम. घरातलंच माणूस हवं असं म्हटलं की ज्यांच्या घरात म्हातारं माणूस नाही, किंवा गावाला आहे, ती मुलं बाहेर पडतात. शेजारी चालेल, वॉचमनकाका चालतील, वडापावची गाडीवाली मावशी चालेल.

५ जुलै

पालकसभा. मला वाटलं होतं अभ्यासक्रम कधी पुरा होणार हे विचारतील. पहिला प्रश्न एका वडिलांचा: "बाई, हे कसलं सर्वेक्षण आहे? वरून आलंय का?" त्यांचा संशय रास्त होता. घरी येऊन माहिती लिहून नेणारे लोक ह्या वस्तीने पुष्कळ पाहिलेत, चाळीच्या पुनर्विकासापासून रेशन कार्डापर्यंत. कागदावर नाव नाही, कागद शाळेबाहेर जाणार नाही, आणि सांगायचं नसेल तर सांगू नका, हे तिन्ही तिथेच मोठ्याने सांगितलं आणि नंतर मराठी-हिंदीत चिठ्ठीवर लिहून घरी पाठवलं. ही चिठ्ठी प्रश्नावलीच्या आधी जायला हवी.

एक सासूबाई मागे थांबून म्हणाल्या, "आमच्याकडं सांगण्यासारखं काय हाय? आयुष्य कामात गेलं." मी म्हटलं, तेच हवंय.

१४ जुलै

पहिला हप्ता आला. दोन गोष्टी बिघडलेल्या.

एक. जवळपास सगळे कागद आजोबांचे. आजीच्या नावापुढे 'घरीच असायची'. वर्गात विचारलं, घरी किती माणसं जेवायला असायची? मग हात वर आले. एकीची पणजी डिलाईल रोडला गाववाल्यांची खानावळ चालवायची. खोली एक, पण पाळ्या तीन, त्यामुळे जेवणाच्या पंगतीही तीन. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी डबे भरून तयार. ही बाई 'घरीच' होती! प्रश्न बदलला: घरात कुणासाठी काय शिजायचं, आणि त्याचे पैसे कोण द्यायचं? गिरणगावातल्या अशाच खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, कारण सावकाराच्या व्याजात त्या बुडत होत्या आणि बँका त्यांना दारात उभ्या करत नव्हत्या. हे त्याच तासाला सांगितलं. पुस्तकात नाही, पण पुस्तकातल्या 'समतेचा लढा'शी त्याचं नातं सांगायला पाच मिनिटं पुरतात.

दोन. हे जास्त अवघड. एका मुलाने आजोबांचं काम लिहिलं: 'बीएमसीत सर्व्हिस'. हातात काय असायचं? कोरं. कुणी शिकवलं? कोरं. म्हणजे कुलदैवत काढून काम घातलं तरी जात आपली वाट काढून आत आलीच. आपल्या शहरात कोण कुठल्या खात्यात हे कधी नुसतं नशिबावर ठरलेलं नाही. सहकारी म्हणाले, "म्हणूनच सांगतो, असले विषय काढू नयेत." पण विषय मी काढला नव्हता. तो मुलगा आठ वर्षं त्या कोऱ्या जागेसकट वर्गात बसतोय.

कागद तसाच ठेवला. त्याला काही विचारलं नाही.

२२ जुलै

ध्वनिमुद्रण फसलं. प्रत्येकाकडे फोन नाही. जो आहे तो आईचा, आणि आई रात्री नऊला येते. दोन मुलाखती चाळीस मिनिटांच्या, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीवरची मालिका. ऐकणार कोण? एक चांगली मुलाखत फोन भरला म्हणून घरच्यांनी उडवली.

नवे नियम: मुलं जोडीने जाणार, जोडीत एकाकडे तरी फोन. मुद्रण दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. पंखा बंद, खिडकी बंद, आणि त्याच दिवशी माझ्या फोनवर पाठवायचं. भाषा घरचीच. आझमगढचे नाना भोजपुरीतच बोलणार, पद्मशाली अव्वा तेलुगूतच. मराठीत सारांश नातवंडाने लिहायचा. मराठीत बोला म्हटलं की म्हातारी माणसं दोन वाक्यांत आटपतात, हे एकदा करून पाहिलं.

मशीन लावणाऱ्या मुलीला ही मुद्रणं काही कळेनात. म्हणून प्रत्येक मुद्रण जोडीदाराने शब्दन्‌शब्द मोठ्या अक्षरात उतरवायचं असं ठरलं. वेळ दुप्पट झाला, मुलं कुरकुरली. पण लिहून काढल्यावरच त्यांना कळलं की आजोबांनी तारीख एकदा एक आणि एकदा दुसरी सांगितली आहे. साधनांची चिकित्सा हा मुद्दा शिकवायला मला वेगळा तास लागला नाही.

५ ऑगस्ट

धोटा आला.

नायगावच्या बीडीडी चाळीतले एक काका, साचेखात्यातून (गिरणीच्या विणकाम खात्यातून) निवृत्त, नातीच्या सांगण्यावरून वर्गात आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाकडी धोटा, विणताना आडवं सूत नेणारा. हातभर नाही, पण वीतभरापेक्षा बराच मोठा, तेलाने काळा झालेला, दोन्ही टोकांना पोलादाच्या टोप्या. मधल्या पोकळीत सुताची कांडी बसते, आणि बाजूला एक बारीक भोक. काकांनी भोकाला तोंड लावून श्वास आत ओढून दाखवला. सूत असं बाहेर यायचं. कांडी संपली की नवी, पुन्हा तोंड. पाळीभर हेच. कापसाचा तंतू आणि तेल घशात. वर्गात इकडून तिकडे 'ई' झालं. मशीनवाल्या मुलीने धोटा हातात घेऊन टोपीवर बोट फिरवलं आणि तिथेच बसून चित्र काढलं. नकाशावरचं सगळ्यात चांगलं चित्र तेच आहे.

मग एका मुलाने विचारलं, "आजोबा, एकाच धोट्याला सगळ्यांनी तोंड लावायचं?" काका थोडे थांबले. म्हणाले, "माझ्या वेळेपर्यंत तसं काही उरलं नव्हतं. पण माझ्या वडिलांच्या वेळी साचेखात्यात सगळ्यांना घेत नव्हते, बाळा." आणि माझ्याकडे पाहिलं.

पुढचं मी सांगितलं. साचेखात्यात पगार जास्त होता. दलित कामगारांना तिथे शिरकाव नव्हता, कारण उष्ट्या धोट्याचा विटाळ. त्यांना बहुतेक त्रासन खात्यात (सूत कातण्याच्या खात्यात), कमी पगारावर. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला: मालकाशी भांडताना सगळे कामगार एक, मग खात्याच्या दारात एक का नाही? त्या वेळी ते राहत होते कुठे, तर परळलाच, पोयबावडीच्या बीआयटी चाळीत. आमच्या वर्गातली तीन मुलं त्याच चाळींच्या आवारात क्रिकेट खेळतात.

वर्ग गप्प होता, पण २५ जूनसारखा नाही. फरक काय हे मी घरी जाताना डोक्यात जुळवत होते. त्या दिवशी जात एका मुलीच्या कोऱ्या जागेत होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. आज ती गिरणीच्या दारावर होती, पगाराच्या तक्त्यात होती, आणि सगळे धोट्याकडे बघत होते. लपवायची कुणावर वेळ आली नाही.

१३ ऑगस्ट

'बीएमसीत सर्व्हिस'वाल्या मुलाने न मागता दुसरा कागद दिला. आजोबा मलनिःसारण खात्यात होते. हातात काय असायचं: पहार, दोर, बादली, कंदील. कुणी शिकवलं: त्यांच्या मामाने. खाली मुलाच्या अक्षरात: 'झाकण उघडल्यावर लगेच उतरायचं नाही. थांबायचं. मग दोराला कंदील बांधून सोडायचा. विझला तर उतरायचं नाही.'

भिंतीवर लावू का विचारलं. लावा म्हणाला, पण क्रमांक नको. तसंच केलं. आता सगळ्याच कागदांवरून क्रमांक काढलेत, म्हणजे बिनक्रमांकाचा एकटाच उठून दिसणार नाही.

२० ऑगस्ट

पाऊस. मधल्या सुट्टीनंतर शाळा सोडली, दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर. लगेच घटक चाचणी, लगेच गणपती. ह्या भागात गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे दहा दिवस अभ्यासाचं नाव काढू नये. मुलं मंडळात असतात, रात्री मिरवणुकीला, सकाळी बाकावर डोकं.

१० सप्टेंबर

सुट्टीत काही दिलं नव्हतं, तरी एक जोडी कागद घेऊन आली. लालबागच्या बाजारात मासे विकणाऱ्या एका आजींना त्यांनी दर्शनाच्या रांगेत गाठलं होतं. आजींनी सांगितलं की लालबागचा राजा हा गणपती मुळात बाजारासाठी बसला. मी पडताळून पाहिलं: पेरूचाळीचा बाजार १९३२ मध्ये बंद झाला, तेव्हा इथल्या कोळी आणि व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, आणि जागा मिळाल्यावर १९३४ पासून गणपती बसू लागला. वर्गातल्या सगळ्यांनी ह्या राजाचं दर्शन घेतलेलं आहे. त्यामागे पोट आणि टोपली ठेवायला जागा होती हे एकालाही माहीत नव्हतं. मलाही नीट नव्हतं.

नकाशावर बाजारावर ठिपका.

१८ सप्टेंबर

नकाशाचं काम आणि सगळ्यात मोठा वाया खर्च. परळ, लालबाग, लोअर परळ, नायगावचा नकाशा फ्लेक्सवर छापून आणला, आठ बाय पाच फूट, १८ रुपये चौरस फुटाने ७२० रुपये. फ्लेक्सवर पेन उमटत नाही, मार्कर हाताने पुसला जातो, टाचणी लावली की चीर पडते, आणि ट्यूबलाइटखाली इतका चकाकतो की मागच्या बाकावरून काही दिसत नाही. शिवाय त्यावर छापून आलेली नावं मॉल आणि टॉवरची. आजोबांच्या खुणा, म्हणजे अमुक गिरणीचं गेट, तमुक इराण्याचं हॉटेल, त्यावर नाहीतच.

शेवटी हिंदमातेला जाऊन मांजरपाट (जाडं सुती कापड) आणला, पाच मीटर, ३५० रुपये. (पावसाळ्यात हिंदमातेला जाताना घोट्याच्या वर पाणी असू शकतं, चपला हातात घ्यायची तयारी ठेवा.) दोन तुकडे शिवून एक केले, फ्लेक्स खाली ठेवून त्यावरून मुख्य रस्ते आणि रेल्वेचे दोन्ही मार्ग पेन्सिलने उतरवले, बाकी कोरं. खुणा मुलं लावणार. त्या वेळचं काम निळ्या रंगाने, आजचं लाल. कापडाचे रंग आणि कुंचले २४० रुपये.

निळे आणि लाल ठिपके एकमेकांवर बसायला लागले तेव्हा मुलांनाच मजा वाटू लागली. एका मुलीचे पणजोबा फिनिक्स मिलमध्ये बॉयलरवर, आई त्याच आवारातल्या मॉलमध्ये हाउसकीपिंगला. ठिपका एकच, अर्धा निळा, अर्धा लाल. "बाई, पणजोबांना रविवारी सुट्टी होती, आईला नसते." मग नारायण मेघाजी लोखंडे आले. आठवड्याची सुट्टी मागण्यासाठी त्यांनी गिरणी कामगारांना गोळा केलं आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. हे पुस्तकातून शिकवताना दोन ओळींत उरकतं. इथे अर्धा तास गेला आणि तासाची घंटा झाली तरी मुलं भांडत होती की मॉलला हा नियम का नाही.

२६ सप्टेंबर

'भय्या' प्रकरण. नकाशा लावताना एका मुलाने टॅक्सीवाल्याच्या मुलाला ऐकवलं, "तुमचं काय लावणार, तुम्ही आत्ता आलात." उपदेश केला नाही, उपयोग नसतो. दोघांना मिळून एक काम दिलं: मदनपुऱ्याच्या ठिपक्याजवळ लिहायचं, तिथले विणकर कुठून आले. उत्तर प्रदेशातले मोमिन विणकर मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकातच आले होते आणि सुती कापडाच्या साच्यांवर त्यांचा हात बसलेला होता. मग दोघांनी आपापल्या घरी विचारलं. टोमणा मारणाऱ्याचे पणजोबा देवगडहून आले होते. दोघांच्याही घरचे मुंबईत बाहेरूनच आलेले निघाले.

टॅक्सीवाल्याच्या मुलाने घरातला जुना यांत्रिक मीटर आणला, प्रीमियर पद्मिनीच्या बाहेर लावलेला असायचा तो. झेंडी खाली केली की आत टिकटिक. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झाली होती, वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मुलं जन्मल्यानंतरची गोष्ट, तरी ती इतिहास झालेली. भौतिक साधन जुनंपुराणं असावं लागत नाही हे त्या मीटरने समजावलं. मधल्या सुट्टीत झेंडी शंभरदा खाली-वर झाली आणि स्प्रिंग तुटली. वडील हसले, म्हणाले, "चलता है, मॅडम."

४ ऑक्टोबर

फेरी. शाळेतून पायी. पोयबावडीची बीआयटी चाळ, केईएम रुग्णालयावरून हाफकिन संस्थेच्या फाटकापर्यंत, परत. मुलांना विचारलं, तुमच्या चाळीला बीआयटी का म्हणतात? कुणाला माहीत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण सापडले. कोंदट वस्त्यांवर खापर फुटलं, आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाली. तिने रस्ते रुंद केले, घरं पाडली आणि अशा चाळी बांधल्या. म्हणजे तुम्ही राहता ती खोली प्लेगच्या मागून आलेली. प्लेगची लस करणारे हाफकिन ओडेसाहून आलेले ज्यू. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली, आज आपण बाहेरून बघतोय तीच जागा. लोखंडेही त्याच साथीत, १८९७ मध्ये गेले.

अडचण: शनिवारी सकाळीसुद्धा केईएमसमोरच्या फुटपाथवर चाळीस माणसांची रांग उभी करता येत नाही. रुग्णांचे नातेवाईक तिथे झोपलेले असतात. मुलांच्या चार तुकड्या करा, आणि दवाखान्यासमोर थांबून भाषण देऊ नका. पुढे जाऊन बोला.

९ ऑक्टोबर

गिरणी संपाचा तास. १८ जानेवारी १९८२, नेते डॉ. दत्ता सामंत, जवळपास अडीच लाख कामगार. तारीख सांगणं सोपं. एका मुलाचे आजोबा संप चालू असतानाच कामावर परतले होते, घरात तीन लहान मुलं होती. धोटेवाले काका शेवटपर्यंत बाहेर होते. दोघांच्या घरांत आजही 'संप' ह्या शब्दावर आवाज चढतो. भिंतीवर दोघांचं म्हणणं शेजारीशेजारी, निळ्यातच, मध्ये रेघ न मारता. काकांना ते फारसं आवडलं नाही. चहा घेतला, पण बोलले नाहीत.

१५ ऑक्टोबर

'घर कधी बदललं' हा प्रश्न मुलांनीच वाढवला होता, बाण काढायला मजा येते म्हणून. एका कोकणी मुसलमान घरातल्या आजीचा बाण परळहून मुंब्र्याला गेला, साल १९९३. पुढे लेक परत इकडे आली. मुद्रणात आजी बरंच काही बोलल्या आहेत. मी आणि नात दोघींनी ऐकलं. वर्गात वाजवलं नाही. आजींना फोन करून विचारलं, काय ठेवायचं? म्हणाल्या, "रेघ काढा बाई, कारण नका लिहू. पोरीला तिथंच शिकायचंय."

रेघ काढली, साल लिहिलं. अपेक्षेप्रमाणे एकाने विचारलं, आजी का गेल्या? मी सांगितलं, त्या वर्षी मुंबईत दंगली झाल्या आणि बरीच कुटुंबं घरं सोडून गेली, आजींना त्याहून जास्त सांगायचं नाहीये, आणि तो त्यांचा हक्क आहे. आठवीला एवढं पुरे की कमी, यावर स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. मी अजून 'पुरे'च्या बाजूला आहे, पण मुद्रण जपून ठेवलंय, कुटुंबाकडे एक प्रत दिली.

१२ डिसेंबर

दिवाळीआधी संपलं नाही. सहामाही, मग निवडणुकीचं प्रशिक्षण, मग सहल. नकाशा आता लागला.

खर्च: फ्लेक्स ७२० (वाया), मांजरपाट ३५०, रंग-कुंचले २४०, झेरॉक्स ३१० (पैकी पहिली प्रश्नावली वाया), पाहुण्यांचा चहा-वडापाव १८०. एकूण १८००. शाळेने ५०० दिले. फ्लेक्स टाळला असता तर हजारच्या आसपास भागलं असतं. मीटरची स्प्रिंग धरलेली नाही, वडिलांनी पैसे घेतले नाहीत.

वेळेचं खरं सांगायचं तर इतिहासाचे तास पुरत नाहीत. 'समतेचा लढा' आणि 'महाराष्ट्र राज्याची निर्मिती' हे दोन पाठ नकाशासमोर उभं राहून शिकवले, म्हणून अभ्यासक्रम गळ्याशी आला नाही. बाकी पाठ नेहमीसारखे खडू-फळ्यावर.

जे अजून जमलेलं नाही: नेपाळी वॉचमनच्या मुलीचे वडील रात्रपाळीला, दिवसा झोपतात, आणि जोडीला मुलाखतीची वेळच मिळत नाही. तिच्या ठिपक्याजवळ सध्या फक्त सोसायटीचं नाव आणि 'रात्र' असं लिहिलंय. नाताळच्या सुट्टीत सकाळी सहाला, पाळी सुटताना, गेटवर जायचं ठरलंय. फोन माझा नेणार, कारण तिच्या आईचा फोन दुरुस्तीला आहे.